सतरा नंबरचा थेंब

१

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शिक्षण आठवीपर्यंत झालंय. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही आणि मोठे शब्द मला येत नाहीत. चुका दिसतील, त्या पोटात घाला.

शाळा सोडली ती अभ्यास जड जायचा म्हणून नाही. वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली की सगळे डोळे माझ्याकडे वळायचे आणि माझा घसा मिटायचा. शब्द समोर दिसत असायचे, पण तोंडातून हवासुद्धा निघायची नाही. एक दिवस माझी पाळी येणार हे आदल्या दिवशीच कळलं, तेव्हा मी शाळेत गेलोच नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. असं करता करता सुटलीच.

आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. ती गावाबाहेरच्या गुहेत पाहुण्यांना गुहा दाखवायचं काम करते. तिनेच तिथल्या साहेबांना सांगून मला तिथे चिकटवलं. "माणसांशी बोलायचं नाही असं काम आहे का?" असं तिने विचारलं होतं. साहेब हसले आणि म्हणाले, "आहे की. थेंब मोजायचे."

२

ताई पाहुण्यांना जे सांगते ते मला पाठ आहे, म्हणून तिच्याच शब्दांत सांगतो. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना किंचित आंबट होतं. ते चुनखडीच्या फटींत शिरतं आणि दगड विरघळवत जातं. हजारो वर्षं असं चाललं की आत पोकळी होते, तीच ही गुहा. मग तेच पाणी छतातून थेंब होऊन बाहेर येतं आणि विरघळवलेला चुना कणाकणाने खाली ठेवतं. "म्हणजे बघा," ताई म्हणते, "एका घरातून चोरायचं आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं, असा हा चोर आहे." इथे पाहुणे हसतात.

छताला लोंबणाऱ्या दगडाला आणि जमिनीवरून वर येणाऱ्या दगडाला पुस्तकात लवणस्तंभ म्हणतात. आम्ही कामगार एकाला लोंबता आणि दुसऱ्याला उभा म्हणतो. लोंबत्याच्या टोकातून थेंब सुटतो आणि खाली जिथे फुटतो तिथे उभा वाढतो. जिथे लोंबता तिथे खाली उभा, ही जोडी ठरलेलीच. बोटभर वाढायला कित्येक माणसांचे जन्म जातात. हात लावला तर हाताचं तेल दगडाला लागतं आणि तिथे चुना धरत नाही, म्हणून हात लावायची बंदी.

गुहेत आम्ही तेरा थेंब धरले होते. दर सोमवारी गुहा पाहुण्यांना बंद असते तेव्हा ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. थेंब मंदावला म्हणजे तो दगड मरायला लागला असं समजतात.

मोजायला आम्ही दोघं. मी आणि घड्याळकाका. काकांच्या गळ्यात कायम एक थांबवायचं-चालवायचं घड्याळ लोंबत असतं, म्हणून हे नाव. त्यांची नजर अधू झालीय, पण कान मांजराचे. पद्धत त्यांचीच. पहिलं मिनिट दिवा लावून मी लोंबत्याच्या टोकाकडे बघायचं आणि किती थेंब सुटले ते डोळ्यांनी मोजायचं. मग दिवा बंद. दुसरं मिनिट काका अंधारात किती थेंब पडले ते कानांनी मोजणार. दोन्ही आकडे जुळले की वहीत लिहायचे.

"दिवा कशाला बंद करायचा काका?" मी एकदा विचारलं होतं.

"डोळे उघडे असले की कान आळशी होतात, बाळा. घरात कमावता भाऊ असला की दुसरा लोळतो ना, तसं."

तीन वर्षांत आमचे आकडे एकदाही चुकले नव्हते.

३

मागच्या वर्षी गुहेच्या टोकाच्या भिंतीतून वारा येतो असं लक्षात आलं. ती भिंत म्हणजे वरून ओघळलेल्या चुन्याचा जाड पडदा होता. तो कापला तर पलीकडे एक अख्खं दालन निघालं. तो पडदा जमल्यापासून तिथे कोणी गेलं असणं शक्य नव्हतं.

मी आत पहिल्यांदा गेलो तेव्हा हरखून गेलो. सगळं इतकं पांढरं की आपलेच बूट घाण वाटावेत. साहेबांनी आत दिवे ओढले, लोखंडी ओटा बसवला, कठडा लावला. आम्ही चार नवे थेंब धरले. चौदा नंबरचा ओट्यावरच, गाइडने जिथे उभं राहायचं तिथे. थेंब गाइडच्या हेल्मेटवर टक् टक् वाजला की पाहुण्यांना गंमत वाटेल असं साहेबांचं म्हणणं. पंधरा नंबरचा ओट्याच्या कडेला, घोटाभर पाण्याच्या डबक्यात, डुब् करून पडायचा. त्याच्या पलीकडे सोळा नंबरचा, एका बुटक्या उभ्याच्या डोक्यावर. आणि सतरा नंबरचा सगळ्यात आत, मागच्या भिंतीपाशी. चौघंही जवळजवळ एका ओळीत.

सतरा नंबरचा लोंबता चौघांत सगळ्यात जुना होता, माझ्या मांडीएवढा जाड. पण त्याच्या खाली उभा नव्हताच. टिचभरसुद्धा नाही. नुसता गुळगुळीत, उघडा दगड.

"असं कसं काका? इतक्या वर्षांचा चुना गेला कुठे?"

"वाहून गेला असेल."

मी वाकून बघितलं. उतार नव्हता आणि पाणी वाहून जायला वाटही नव्हती.

त्या पहिल्याच सोमवारी मी दिव्यात एकतीस थेंब मोजले. काकांनी अंधारात सत्तावीस.

४

आम्ही परत मोजलं. एकतीस आणि सव्वीस.

काकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, डोळे गेले तसे आता कानही चालले. साहेबांना कळलं तर मोजायला यंत्र बसवतील आणि आपल्याला घरी बसवतील, ही भीती त्यांच्या मनात होतीच. मी म्हणालो, "मी ऐकून बघतो."

दिवा बंद केला. गुहेतला अंधार बाहेरच्यासारखा नसतो. डोळ्यांसमोर हात धरला तरी तो आहे की नाही ते कळत नाही. मी सतरा नंबरच्या आवाजावर कान लावला. उघड्या दगडावर पडायचा म्हणून त्याचा आवाज वेगळा होता, चट्. बारापर्यंत तालात आले. मग तेराव्याची वेळ झाली आणि तो आला नाही. चौदावाही नाही. पंधरावाही नाही. सोळाव्याचीही वेळ निघून गेली. मग परत चट्.

मी सत्तावीस मोजले.

काकांच्या जिवात जीव आला. मला मात्र आता चैन पडेना. भीती वाटत होती असं नाही. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. शाळेत कधी कोडं सुटलं नाही, हे तरी आपल्याला सोडवता येईल असं वाटलं.

वाऱ्याने थेंब हलत असेल म्हणून मी मेणबत्ती लावून ठेवली. ज्योत सरळ उभी राहिली. छतावर एखादं वटवाघूळ असेल म्हणून शोधलं, पण त्या दालनात मुंगीसुद्धा नव्हती. अंधार झाल्यावर थेंब कमी सुटत असतील का? म्हणून लोंबत्याच्या टोकाला, तिथला दगड न दुखावता, एक बारीक सुताचा धागा टेकवला आणि त्याचं दुसरं टोक बोटाशी धरलं. थेंब सुटला की धागा किंचित थरथरायचा. अंधारात मी थरथर मोजली. एकतीस. काकांनी आवाज मोजले. सत्तावीस.

म्हणजे थेंब छतावरून सुटत होते, पण खाली पोचत नव्हते.

दिवा लावून काकांनी डोळे मिटून ऐकलं तेव्हा मात्र एकतीसच्या एकतीस पडले. मी टोकाकडे बघतच होतो.

५

पुढच्या सोमवारी मी चारही थेंब एकदम ऐकायचं ठरवलं. ते अवघड नव्हतं. प्रत्येकाचा आवाज निराळा होता. चट् सतरा, ठक् सोळा, डुब् पंधरा, आणि ओट्याच्या पत्र्यावर टण् वाजणारा चौदा. अंधारात बसलं की त्या आवाजांनी दालन डोळ्यांसमोर उभं राहायचं.

पहिल्या मिनिटात चट् थांबला. चार थेंबांएवढा वेळ. मग चट् परत आला आणि ठक् थांबला. बाकी तिघं आपापल्या तालात चालू. मग ठक् परत आला.

मी काकांना विचारलं, "ऐकलंत?"

"ऐकलं." मग म्हणाले, "पावसात छत्री घेऊन अंगणातून कोणी गेलं तर असं वाटतं."

ते चेष्टेतच बोलले होते. पण बोलल्यावर दोघंही हसलो नाही. काकांनी दिवा लावला. ओट्यापासून मागच्या भिंतीपर्यंत काही नव्हतं. पांढरी जमीन, ओली आणि स्वच्छ. पाऊलखूण नाही. मी चार ठिकाणी वाकून बघितलं.

त्याच्या पुढच्या सोमवारी पंधरा नंबरचा डुब् थांबला. सतरा, सोळा, पंधरा. एकामागून एक. मग परत उलट्या क्रमाने, पंधरा, सोळा, सतरा. आले तसे गेले म्हणा.

घरी जाताना मी एकच विचार करत होतो. सतरा नंबरच्या खाली उभा नाही. इतक्या हजार वर्षांचा चुना खाली पोचलाच नाही. पण चुना हरवत नाही, हे तर ताईच सांगते. एका घरातून उचललेला दुसरीकडे कुठेतरी साठतोच.

६

नवं दालन मंगळवारी उघडायचं ठरलं. तीस पाहुणे येणार होते. आमच्या गुहेत एक जुनी रीत आहे. फेरी संपताना गाइड सगळे दिवे एक मिनिट बंद करते, म्हणजे खरा अंधार कसा असतो ते पाहुण्यांना कळतं. साहेबांनी ठरवलं की हे अंधाराचं मिनिट आता नव्या दालनात करायचं. म्हणजे ताई चौदा नंबरच्या थेंबाखाली उभी राहणार आणि दिवे बंद करणार.

सोमवारी दुपारी डबा खाताना मी ताईला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं. चेष्टा केली नाही, हे तिचं मोठेपण.

"तुला काय वाटतं, काय असेल?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मग घाबरायचं कशाला?"

"तू तिथे दिवे बंद करू नकोस."

"अरे वेड्या, लोक त्या एका मिनिटासाठी येतात. दगड काय, फोटोतही दिसतात." मग तिने माझ्या पोळीवर स्वतःची भाजी वाढली आणि म्हणाली, "एक काम कर. तूही चल उद्या ओट्यावर. माझ्याजवळ उभा राहा."

"एवढ्या लोकांसमोर?"

"ते दगड बघायला येतायत. तुला कोण बघतंय!"

साहेबांकडेही गेलो. दारात उभा राहिलो आणि घसा मिटला. शेवटी वही पुढे केली. त्यांनी आकडे बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुला थेंब मोजायला ठेवलंय. कथा रचायला नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "उद्या मोठी माणसं येणार आहेत. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. कुठे गडबड नको."

७

जेवणानंतर मी काकांना घेऊन परत आत गेलो. दिव्यांचं मुख्य बटण दालनाच्या तोंडाशी आहे. काकांना तिथे बसवलं. "दोन मिनिटं बंद. घड्याळ बघायला विजेरी लावा, पण मुठीत झाकून. मी काही बोललो नाही तरी दोन मिनिटांनी लावा."

"आणि बोललास तर?"

"तर लगेच."

मी ओट्यावर चौदा नंबरच्या खाली उभा राहिलो, उद्या ताई जिथे राहणार तिथे. टक्. टक्. टक्. हेल्मेटवर थेंब पडत होते. काकांनी बटण दाबलं.

अंधारात मी मोजायला लागलो. चट्, ठक्, डुब्, टक्. सगळं जागच्या जागी. मनात आलं, उगाच आपण जिवाला घोर लावून घेतला. तेवढ्यात चट् थांबला.

मग तो परत आला आणि ठक् थांबला. मागच्या वेळेपेक्षा हे लवकर होत होतं. वाट ओळखीची झाल्यासारखं. ठक् परत आला आणि डुब् थांबला. पाणी मात्र हललं नाही. कोणी पाण्यात पाय ठेवला तर आवाज होईल ना? काहीच झाला नाही. डुब् परत आला.

मी पुढचा थेंब मोजायला थांबलो. टक्, असं व्हायला हवं होतं. झालं नाही.

चौदा नंबरचा मिनिटाला चाळीस पडतो. म्हणजे दर दीड सेकंदाला एक. मी हेल्मेटवर त्याची वाट बघत राहिलो. मला काकांना हाक मारायची होती. पण आठवीच्या वर्गात व्हायचं तसंच झालं. तोंड उघडलं आणि हवासुद्धा निघाली नाही. कारण मला ती जुनी जाणीव झाली होती, जिच्यासाठी मी शाळा सोडली. कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. अगदी जवळून.

काकांनी दिवे लावले. आमचे दिवे लागताना दोनदा फडफडतात. पहिल्या फडफडीत मी वर बघितलं. माझ्या हेल्मेटच्या वीतभर वर एक थेंब होता. तो पडत नव्हता. तो आडवा घरंगळत होता, ओल्या पांढऱ्या कशावरून तरी, एखाद्याच्या वाकलेल्या खांद्यावरून घरंगळावा तसा. दुसऱ्या फडफडीत तो माझ्या डाव्या बाहीवर पडला. तिथे वर काहीच नव्हतं. नुसतं छत.

"काय रे, बोलला नाहीस?" काका तिकडून ओरडले.

बाहेर आल्यावर बाही वाळली. तिथे चुन्याचा पांढरा डाग पडला, रुपयाएवढा आणि जाड. एका थेंबातून इतका चुना निघत नाही. मी तो नखाने खरवडून बघितला. त्याला झाडाच्या खोडासारखी वलयं होती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी नव्या दालनाच्या दिव्यांची तार बटणातून काढली आणि सरळ जोडून टाकली. आता बटण कितीही दाबलं तरी दिवे जाणार नव्हते.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईबरोबर आत गेलो. ती चौदा नंबरच्या खाली उभी राहिली. मी ओट्यावर न थांबता कडेच्या डबक्यात उतरलो आणि पंधरा नंबरच्या खाली उभा राहिलो, तिच्याकडे तोंड करून. आतल्या भिंतीकडून ओट्यापर्यंत यायचं तर वाटेत मी होतो. माझ्या हेल्मेटवर थेंब पडायला लागले. पाहुणे कठड्यापाशी दाटीने उभे राहिले. काका सगळ्यांच्या मागे.

ताई छान बोलली. चोराची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग म्हणाली, "आता एक मिनिट खरा अंधार." आणि बटण दाबायला तिने काकांना खूण केली.

दिवे गेले नाहीत. काकांनी दोनदा, तीनदा दाबलं. ताईने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. मी मान खाली घातली.

"दिव्यांनाही आज तुम्हाला बघत बसायचंय वाटतं," ताई पाहुण्यांना म्हणाली. परत हशा. "हरकत नाही. आपला अंधार आपल्याजवळच असतो. सगळ्यांनी डोळे मिटा. घट्ट. एक मिनिट कोणी उघडायचे नाहीत."

आणि तिने स्वतःचे डोळे मिटले.

तीस पाहुण्यांनी मिटले. काकांनी तर ऐकायच्या सवयीने आधीच मिटले होते. लख्ख दिव्यात एवढी माणसं, आणि उघडे डोळे फक्त माझे.

मी ताईकडे बघत होतो. तिच्या हेल्मेटवर टक्, टक्. माझ्या हेल्मेटवर टक्. मागे ठक् आणि चट्. मी मनात म्हणालो, दिवे चालू आहेत, काही होणार नाही.

चट् थांबला.

तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी चूक मोजलं होतं. त्याला अंधार लागत नव्हता. त्याला फक्त कोणी बघत नसायला हवं होतं.

चट् परत आला आणि ठक् थांबला. माझ्या पाठीमागे, चार पावलांवर. मागे वळून बघितलं असतं तर ते थांबलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मी वळलो तर ताईकडे बघणारं कोणी उरत नव्हतं. ते किती लवकर चालतं हे मी काल ऐकलं होतं. मी वळलो नाही. ताईच्या हेल्मेटवर नजर रोवून उभा राहिलो. पापणीसुद्धा हलू दिली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ठक् परत आला.

ताईच्या हेल्मेटवर टक्. परत टक्. तिचा थेंब चालू होता, कारण मी बघत होतो.

माझा थांबला.

माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. जन्मभर मला हेच हवं होतं. हेल्मेटवर काही वाजत नव्हतं आणि मानेवर गार, चुन्याचा वास येणारी ओल उतरत होती. घसा मिटला होता. मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली.

मग मी ओरडलो, "माझ्याकडे बघा!"

गुहेने ते चार वेळा परत म्हटलं. सगळ्यांनी दचकून डोळे उघडले आणि तीस जणांनी माझ्याकडे बघितलं. ताई मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या डोक्याच्या जरा वर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मग हळूहळू तिची नजर खाली माझ्यावर आली.

"बघत राहा," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "प्लीज. माझ्याकडे बघत राहा."

कोणी हललं नाही. हेल्मेटवर थेंब पडला. टक्.

मी मोजलं. "एक."